विसरलेली ठेव

दिवाळीपूर्वी पेढीची झाडलोट निघते, तेव्हा गादीमागच्या लोखंडी कपाटातून काही जुने कागद बाहेर येतात. लाल कापडात बांधलेली पासबुके, पिवळी पडलेली एखादी ठेवपावती, जाड कागदावर छापलेली समभागांची प्रमाणपत्रे. ज्यांनी ती जपून बांधली ते आजोबा किंवा वडील आता नाहीत. मुलगा कागद उलटसुलट पाहतो, ‘खाते कधीच बंद पडले असेल’ असे म्हणतो आणि गाठोडे पुन्हा कपाटात जाते. सांगली, इचलकरंजी, बार्शी, लातूर अशा बाजारपेठेच्या गावांत हे दृश्य अनोळखी नाही.

वस्तुतः असे खाते बंद पडत नाही. खातेदाराने दोन वर्षे काही देवघेव केली नाही की बँक ते निष्क्रिय मानते. दहा वर्षे लोटली की त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त जमा होते. २०१४ साली स्थापन झालेल्या या निधीत मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होते. मात्र रक्कम निधीत गेली तरी मालकी जात नाही. वारस केव्हाही मागणी करू शकतो आणि ती मूळ बँकेकडेच करावयाची असते. बँक त्याला पैसे देते व नंतर निधीतून आपली भरपाई करून घेते. बचत खाते वा मुदत ठेव असेल तर निधीतील काळाचेही व्याज मिळते. ते अर्थातच तुटपुंजे असते. मे २०२१ पासून त्याचा दर वार्षिक ३ टक्के, तोही सरळव्याजाने. पैशाची कूस जाणणाऱ्या व्यापाऱ्याला या विलंबाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

शोधाचा आरंभ घरबसल्या करता येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करावी, खातेदाराचे नाव लिहावे, बँका निवडाव्यात आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी एखादा तपशील द्यावा. यासाठी शुल्क नाही. पण १९८५ सालच्या खात्याला पॅन कुठला? अशा वेळी पत्त्यावरून शोधता येते, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

कारण नाव. ‘शहा’ इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. रतनचंद कधी एका शब्दात, कधी दोन शब्दांत. दक्षिण महाराष्ट्रातील पाटील, चौगुले, मगदूम यांची खाती नुसत्या आद्याक्षरांवर उघडलेली. आईचे खाते लग्नापूर्वीच्या नावाने, काकांचे पेढीच्या नावाने, आणखी एखादे अविभक्त कुटुंबाच्या कर्त्याच्या नावाने. एका नावाने शोधून काही न मिळाल्यास निराश होऊ नये. घरातील प्रत्येक दिवंगत व्यक्तीच्या नावाची सर्व रूपे आधी कागदावर उतरवून घ्यावीत आणि एकेक तपासावे. वडिलांची जुनी पत्रे, विक्रीकराचे कागद, विम्याच्या पावत्या येथे उपयोगी पडतात.

दुसरी अडचण बँकेच्या नावाची. पासबुकावर ‘सांगली बँक’ लिहिले असेल, तर ती २००७ साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, बँक ऑफ कराड १९९४ साली बँक ऑफ इंडियात. देना बँकेचे खाते आज बँक ऑफ बडोदाकडे आहे, सिंडिकेट बँकेचे कॅनरा बँकेकडे, कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेकडे. बँक नाहीशी झाली म्हणून ठेव नाहीशी होत नाही; ती नव्या बँकेच्या वहीत ओढली जाते. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यासाठी केवायसीचे कागद त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतात आणि त्याबद्दल शुल्क आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खिडकीवरच्या नव्या कर्मचाऱ्याला तो ठाऊक असेलच असे नाही. नम्रपणे दाखवून द्यावा.

लहान शहरातील व्यापाऱ्याची मोठी पुंजी मात्र बहुधा गावच्या सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत असते. ‘उद्गम’वर मोठ्या बँका आहेत; गावोगावच्या बहुतेक नागरी सहकारी बँका तेथे सापडत नाहीत. दहा वर्षे न मागितलेल्या ठेवींची यादी बँकेने आपल्या संकेतस्थळावर ठेवली पाहिजे, ती पाहावी किंवा शाखेत जाऊन विचारावे. पतसंस्थेचे तर निराळेच. ती रिझर्व्ह बँकेच्या या निधीच्या कक्षेतच येत नाही. तेथे पावती घेऊन स्वतः जाणे आणि लेखी अर्जाची पोच घेणे हाच मार्ग. संचालक ओळखीचे आहेत म्हणून तोंडी सांगून परत येणे हा या गावांतला जुना दोष.

समभागांचे प्रकरण अधिक किचकट, पण बहुधा अधिक मोलाचे. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, की तो लाभांश आणि त्याबरोबर ते समभागही ‘गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी’कडे जातात. पत्ता बदलला, जुने घर विकले, लाभांशाची पत्रे परत गेली, एवढे कारण पुरते. ऐंशी-नव्वदच्या दशकात हौसेने घेतलेले पन्नास समभाग विभाजन आणि बोनस यांमुळे आज कितीतरी पटींनी वाढलेले असू शकतात आणि ती वाढही मालकाचीच असते. मागणी करणाऱ्याचे डीमॅट खाते हवे. प्रथम कंपनीकडे किंवा तिच्या निबंधकाकडे कागद पाठवून हक्कदारीचे पत्र मिळवायचे, मग आयईपीएफ-५ हा अर्ज भरायचा. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच अर्ज चालतो. म्हणून वडिलांचे, आईचे असे त्या कंपनीतील सर्व फोलिओ आधी गोळा करावेत. निबंधकांची कार्यालये मुंबईत वा हैदराबादेत, सही जुळत नाही म्हणून कागद परत येतात, प्रत्येक फेरीला नवा मुद्रांक आणि नोटरी. महिने जातात. या दगदगीवरच टक्केवारी मागणारे मध्यस्थ जगतात. अर्जाला सरकारी शुल्क नाही, हे त्यांच्या कागदावर सही करण्यापूर्वी ध्यानात असावे; आणि ओटीपी तर कोणालाच देऊ नये.

म्युच्युअल फंडांसाठी सेबीने २०२५ मध्ये ‘मित्र’ ही शोधसुविधा दिली आहे. विमा कंपन्यांच्या संकेतस्थळांवर न मागितलेल्या रकमा शोधता येतात. येथे मात्र मुदतीचे भान हवे. दहा वर्षांनंतर विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तेथे पंचवीस वर्षे पडून राहिली तर सरकारजमा होते.

पैसा सापडतो तेव्हा घरात वेगळाच प्रश्न उभा राहतो: तो कोणाचा? नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव असले की अनेक घरांत विषय तेथेच मिटवला जातो. कायद्याची दृष्टी तशी नाही. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. कंपनीच्या समभागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. तो जैनांनाही लागू आहे आणि त्यात वडिलांच्या स्वकष्टार्जित धनावर आई, मुलगा व मुलगी यांचा समान वाटा आहे. लग्न होऊन पुण्याला किंवा बेळगावला गेलेल्या बहिणीची सही बँक मागते ती उगाच नव्हे. त्या वेळी तिला फोन येतो: ‘ताई, एका कागदावर सही हवी आहे, पाठवून देतो.’ कागद हक्कसोडपत्राचा असतो. रक्कम किती, हे त्या बोलण्यात नसते. बहिणी बहुधा सही करतात. रक्कम सांगितली असती तरी केली असती, असे भाऊ म्हणतात. मग सांगावयास हरकत काय होती?

नॉमिनी नाही, वाद नाही, मृत्युपत्रही नाही, अशा वेळी प्रत्येक रकमेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचा दावा वारसांच्या हमीपत्रावर निकाली काढावयाचा आहे. कागद पूर्ण झाल्यावर त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. त्यापुढच्या रकमेला बँक वारसा प्रमाणपत्र मागू शकते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत न्यासापहार हा एक. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा जो अर्थ दिला, तो व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. ठेव ठेवणारा आपली संख्या विसरला, कमी मागू लागला, आणि ठेव सांभाळणारा ‘होय, तेवढीच’ म्हणाला, की न्यासापहार घडला. त्याने खोटी वही लिहिलेली नाही, हात पुढे केलेला नाही. समोरच्याच्या विस्मृतीला होकार दिला एवढेच. बहिणीला रक्कम न सांगणे याहून फार दूर नाही.

आणि हा अर्थ पेढीच्या वहीलाही लागतो. सावकारी बँका गावात येण्यापूर्वी, आणि नंतरही कितीतरी वर्षे, शेतकरी आपल्या मालाचे पैसे आडत्याकडेच राहू देत. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी पुढच्या पेरणीसाठी. त्यांतली काही नावे अजून जुन्या खतावणीत जमेच्या बाजूला उभी आहेत. हिशेबनीस दरवर्षी विचारतो, ही रक्कम उत्पन्नात घेऊन खाते मिटवू का? आयकराच्या दृष्टीने तो मार्ग खुला आहे. त्या शेतकऱ्याच्या नातवाला शोधून देणारे मात्र कोणतेही संकेतस्थळ नाही; वहीचे पान, गावाचे नाव आणि बाजारच्या दिवशी त्या गावाहून येणारी माणसे एवढेच हाती आहे.