चौकट चित्राच्या बाहेर असावी

जुनी समूह-छायाचित्रे आता स्कॅन होऊन संगणकावर येत आहेत. त्यांना शोभिवंत चौकट द्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती देण्याच्या दोन पद्धतींत मोठा भेद आहे.

तयार चौकट चित्रावर ठेवली, तर चारही कडा झाकल्या जातात. समूह-छायाचित्रात कडेला अनेकदा लहान विद्यार्थी, स्वयंपाकी, शिपाई उभे असतात. खालच्या कडेला कधी वर्ष, कधी स्टुडिओचे नाव असते. शोभेपायी नेमका हाच पुरावा दृष्टीआड होतो.

दुसरी पद्धत चित्राभोवतीची जागा वाढवण्याची. विनामूल्य मिळणाऱ्या ‘गिम्प’मध्ये ‘फिल्टर्स’, ‘डेकोर’, ‘ॲड बॉर्डर’ हा क्रम निवडून रुंदी व रंग ठरवला, की चौकट बाहेरून जोडली जाते. ‘फोटोशॉप’मध्ये ‘इमेज’ मेनूतील ‘कॅनव्हास साइज’ वाढवावा आणि वाढलेल्या जागेत रंग अथवा नक्षी भरावी.

रुंदीचे गणित सोपे आहे. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास पाव इंचाला ७५ पिक्सेल होतात; दोन्ही बाजूंचे मिळून १५०. त्यामुळे १८०० बाय १२०० पिक्सेलचे चित्र १९५० बाय १३५० होते, म्हणजे छपाईत साडेसहा बाय साडेचार इंच.

कृष्णधवल चित्रास राखाडी किंवा फिकट पिवळसर रंग शोभतो. मूळ फाइल जशीच्या तशी राखून चौकटीची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी. छायाचित्र हा इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि कडेला उभी असलेली माणसेही त्या इतिहासाची तितकीच हक्कदार आहेत.