रेषेची तालीम : म्हैसूरचा कुंचला आणि जपानी पाणी

म्हैसूर परिसराची चित्रविद्या राजवाड्याच्या आश्रयाने वाढली आणि तिचा जीव रंगापेक्षा रेषेत आहे. मराठी वाचकाच्या ओळखीची तंजावर शैली, जी भोसले राजांच्या काळी बहरली, ती आणि म्हैसूर शैली या दोहोंचे मूळ विजयनगरच्या परंपरेत शोधले जाते. मात्र सोन्याच्या वर्खाखाली लेपाने जो उठाव दिला जातो, तो तंजावरात ठसठशीत असतो, तर म्हैसुरात सफेदा, सरस आणि गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक यांच्या लेपाचा उठाव बोटाला जेमतेम जाणवतो.

शिकणाऱ्याची सुरुवात कोळशापासून होई. चिंचेच्या सरळ काड्या लोखंडी नळीत भाजून केलेल्या कोळशाने कच्चे आरेखन करायचे, मग खारीच्या केसांच्या कुंचल्याने ते पक्के करायचे. आणि देवतेच्या मुद्रा, आयुधे व वाहन यांत स्वैरपणा नको, म्हणून ध्यानश्लोकांचा आधार घ्यायचा. मुम्मडी कृष्णराज वोडेयर (1794–1868) यांच्या आश्रयाखाली सिद्ध झालेला ‘श्रीतत्त्वनिधी’ हा सचित्र ग्रंथ याच शिस्तीचा कोश म्हणता येईल. 2005 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने शैलीच्या नावाला संरक्षण दिले. हाताची तालीम हा वेगळाच प्रश्न.

रेषेची वेगळी तालीम पूर्व आशियातील शाईचित्रात दिसते. तेथे शाईची कांडी पाण्याबरोबर दगडावर उगाळतात आणि कागदावर उतरलेला फटकारा पुसता येत नाही. म्हैसुरात रेषा थरावर थर देत सिद्ध होते. या दोन वृत्ती के. वेंकटप्पा (1886–1965) यांच्यापाशी एकत्र आल्या. दरबारी चितारी घराण्यात जन्मलेले वेंकटप्पा कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकले. अवनींद्रनाथांनी, 1903 मध्ये तेथे आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो या जपानी चित्रकारांचे काम पाहून, ओल्या कागदावर रंग विरवण्याची ‘वॉश’ पद्धत घडवली होती; ताइकान ओला कुंचला फिरवत, अवनींद्रनाथ अख्खे चित्रच पाण्यात बुडवत. वेंकटप्पांनी मात्र हे विरघळणे मर्यादेतच स्वीकारलेले दिसते, कारण उटी आणि कोडाईकनालच्या त्यांच्या जलरंगी निसर्गचित्रांत धुके दाटले, तरी डोंगराची कड घराण्यातल्या कुंचल्याइतकीच काटेकोर राहते.