ओठावरचा जर : मुलांना काय सांगावे?



ताप आला की काही मुलांच्या ओठाच्या कडेला पाणीभरल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. आपण म्हणतो, ‘जर फुटला.’ मग पंगतीत त्याच्याशेजारी कोणी बसत नाही. ‘खोटं बोललास म्हणून झालं,’ असे चिडवणेही होते.

आपल्या वाघोलीला घरापासून दूर राहून शिकणारी मुले नवीन नाहीत. १९९३च्या लातूर भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने इथे भूकंपग्रस्त मुलांची सोय केली. पुढे मेळघाटातील आदिवासी मुलेही आली. वसतिगृहातल्या मुलाजवळ आई नसते. सोबत्यांनीही दूर लोटले, तर त्याने कोणाकडे जावे?

म्हणून मुलांना खरे कारण सांगावे. हा ‘हर्पीस सिम्प्लेक्स’ नावाच्या विषाणूचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, बहुधा घरच्यांच्या पापीतून मिळतो. नंतर तो नसेत निजून राहतो. मुलांना म्हणावे, “बी जमिनीत पडून असते आणि पाऊस आला की उगवते ना? तसाच हा ताप, कडक ऊन किंवा थकवा आला की जागा होतो.” साधारण ७ ते १० दिवसांत फोड सुकून खपली पडते.

तोवर एवढे पाळावे : फोड खाजवू नये. हात लागलाच तर साबणाने धुवावा. तो डोळ्याला लावू नये. पेला व टॉवेल वेगळा ठेवावा. तान्ह्या बाळाची पापी घेऊ नये. बाळाला हा आजार जिवावर बेतू शकतो. शेजारी बसणे, खेळणे, अभ्यास करणे मात्र खुशाल चालू द्यावे.

डोळा लाल होऊन दुखू लागला, तोंड इतके आले की मूल पाणीही पीत नाही, किंवा दोन आठवड्यांत फोड बरे झाले नाहीत, तर डॉक्टरांकडे न्यावे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात, पाप कोणाचे? प्रभू येशू दोष ना त्याला देतो, ना त्याच्या आईबापांना. ओठावर फोड आलेल्या लेकरालाही आपण दोष देऊ नये.

आपल्या मंडळीतून वसतिगृहासाठी काही द्यायचे मनात असेल, तर प्रत्येक मुलाला स्वतःचा पेला आणि टॉवेल द्या. मुलांची प्रार्थनेत आठवण ठेवा.