शोक आणि तक्रार : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एक दाखला

मृताविषयी वाईट बोलू नये, हा संकेत मराठी मृत्युलेखाने बहुधा पाळला आहे. परंतु ज्या राजकीय भाष्यकाराने लेखणीच्या बळावर समाजात दोन तट पाडले, त्याच्या बाबतीत हा संकेत पाळणे म्हणजे त्याच्या लेखनाचा गाभाच वगळणे होय. भोसले राजवटीमुळे (१६७६–१८५५) मराठी अभ्यासकास परिचित असलेल्या तंजावर परिसरात या पेचाचे निराळे उत्तर आढळते.

मु. करुणानिधी (१९२४–२०१८) हे तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै या गावचे. मुख्यमंत्री म्हणून ते सर्वज्ञात आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो भाष्यकाराचा. १९४२ मध्ये तिरुवारूर येथे पत्रकाच्या रूपाने सुरू केलेल्या ‘मुरसोली’तून त्यांनी पुढे सहस्रावधी पत्रे लिहिली. या पत्रांचे संबोधन ‘उडन्पिरप्पे’, म्हणजे ‘सहोदरा’, असे असे. राजकीय भाष्याला नात्याची भाषा मिळाली. अनुयायी त्यामुळे आप्त झाला आणि विरोधक आपोआप परका ठरला.

त्रिभुज प्रदेशात ही दुही केवळ शब्दांची नव्हती. १९७१ च्या कायद्याने जमीनदाराच्या जागेवर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुराला त्या जागेची मालकी दिली. उलट, १९२४ च्या कावेरी कराराची पन्नास वर्षांची मुदत १९७४ मध्ये संपत असता त्यांनी हयगय केली, असा आरोप विरोधक करीत राहिले. समर्थक त्यावर १९९० मध्ये नेमल्या गेलेल्या कावेरी लवादाकडे बोट दाखवीत. पायाखालची जागा आणि पाटातले पाणी, या दोन्हींचा हिशेब एकाच नावावर मांडला जात होता.

७ ऑगस्ट २०१८ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी रुग्णालयाबाहेर अनुयायी ‘ऊठ, ये’ अशी हाक घालीत होते. आजवर ‘नेते’ म्हणत आलेल्या पुत्राने, एकदा तरी ‘अप्पा’ म्हणू का, असे जाहीर पत्रातून विचारले. त्याच वेळी मरीना किनाऱ्यावरील दफनास राज्य शासनाने नकार दिल्याने वाद उच्च न्यायालयात गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनुमती मिळाली. मृत्यूने कलह थांबविला नाही. शोक आणि कलह शेजारी शेजारी चालले.

याचा अर्थ लावताना तमिळ ग्रामजीवनातील ‘ओप्पारी’ या विलापगीताचे स्मरण होते. त्यात स्त्रिया मृताला नात्याने हाक मारतात, त्याची थोरवी गातात आणि ‘आम्हांस टाकून गेलास’ अशी तक्रारही करतात. तक्रार हा तेथे अनादर नसून नात्याचा पुरावा असतो. प्रत्यक्ष प्रभाव सिद्ध करता येणार नाही; परंतु भावरचनेतील साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

विरोधकाच्या शोकाचेही उदाहरण तमिळ प्रदेशात आहे. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजींच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांचे दीर्घकाळचे वैचारिक प्रतिपक्षी पेरियार यांना अश्रू आवरले नाहीत. त्या अश्रूंनी त्यांच्या मतभेदाचा एकही मुद्दा मागे घेतला नाही.

म्हणून अशा भाष्यकारावरील मृत्युलेखाची कसोटी सौजन्य ही नव्हे. ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना पाणी कमी पडले, त्या दोघांचाही स्वर ज्यात ऐकू येतो, तोच लेख मृताशी प्रामाणिक राहतो.