सायकलीची फ्रेम : कानस बरी की ग्राइंडर?

डेअरीला दूध घालायला, गवताचा भारा आणायला घरची सायकल अजून उपयोगी पडते. ४० लिटर दूध म्हणजे कॅन सोडून ४१ किलो वजन. कच्च्या रस्त्यावर त्याचे रोज हादरे बसतात आणि एक दिवस सीटखालच्या जोडाशी केसासारखी चीर दिसते. मग आपण काय करतो? ट्रॅक्टरची ट्रॉली जिथे जोडतात तिथेच सायकल नेऊन टेकवतो. ग्राइंडर फिरतो, विजेच्या वेल्डिंगचा टाका बसतो, पाच मिनिटांत काम फत्ते! पुढे फ्रेम मोडते ती त्याच टाक्याच्या कडेला.

यात कारागिराचा दोष थोडा, अवजाराचा जास्त. ट्रॉलीचा अँगल जाड. सायकलीच्या नळीचा पत्रा जेमतेम एक-दीड मिलीमीटर. ग्राइंडर क्षणभर जास्त टेकला की निम्मा पत्रा गेलाच समजा. वर चकाकी येते, त्यामुळे डोळ्याला काही कळतही नाही. विजेच्या वेल्डिंगने तर असल्या पत्र्याला भोकच पडायचं.

कानशीला वेळ लागतो, पण किती लोखंड निघालं ते हाताला कळतं. आधी चीर कुठवर गेली ते बघा. पॉलिश पेपरने रंग काढा, डिझेल लावा, कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चिरेत मुरलेलं डिझेल वर येऊन ओली रेघ उमटते. रेघेच्या टोकांवर पंचाने खूण करून हातड्रिलने बारीक भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग अर्धगोल कानस घ्या. पुढे ढकलताना दाब द्या, मागे घेताना उचला. नळीचा गोलवा मोडू देऊ नका.

जोड मात्र गॅसवर पितळेने भरून घ्या. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलींचे जोड कारखान्यातही असेच भरतात. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद १,४०० च्याही वर. म्हणून नळी शाबूत राहते. टाकणखार लावल्याशिवाय पितळ धरत नाही. आणि घाई म्हणून तापल्या जोडावर पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या.

ग्राइंडर वाईट नाही हो! कॅरिअरची पट्टी कापायला, स्टँडवरचा वेल्डिंगचा गोळा उतरवायला खुशाल वापरा, डोळ्याला चष्मा लावून.

पुढच्या चिमट्याला चीर गेली असेल तर मात्र कानसही नको आणि पितळही नको, नवा चिमटाच घाला. भरल्या कॅनसकट उतारावर तो मोडला, तर पाय टेकायलाही सवड मिळत नाही.