बिनपंपाचे पाणी

फोर्डच्या मॉडेल टी मोटारीविषयी बोलताना लोक तिच्या काळ्या रंगाचा, हँडल मारून चालू होण्याच्या तिच्या हट्टाचा आणि दीड कोटींवर गेलेल्या तिच्या संख्याविस्ताराचा उल्लेख करतात. परंतु 1908 पासून 1927 पर्यंत जी गाडी अमेरिकेत निर्माण होत राहिली, आणि जिच्या भगिनी कॅनडातील कारखान्यातून जहाजाने हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागल्या, तिच्या पोटात पाणी कसे फिरते हा प्रश्न, एखाद्या चढणीवर तिच्यासह अडकून पडल्यावाचून, सहसा कोणास सुचत नाही. मला तो बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे, झाकणाखालून वाफेचा फवारा उडाला तेव्हा सुचला.

आरंभीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाणी फिरविणारा पंप होता. 1909 साली फोर्डने तो काढून टाकला, आणि पुढे अठरा वर्षे त्याची आठवणही ठेवली नाही. काटकसर हे त्याचे एक कारण असेल. पण या काटकसरीच्या बुडाशी सृष्टीचा एक जुना कायदा होता. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतील पाणी तापले की ते हलके होऊन वर चढते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, उभ्या नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते, आणि जड होऊन खालच्या नळाने पुन्हा इंजिनात शिरते. इंजिन जितके अधिक तापेल तितका हा प्रवाह वेग घेतो, म्हणजे ज्या अधिकाऱ्यावर कामाचा बोजा वाढेल त्याच्या दिमतीस आपोआप अधिक शिपाई हजर व्हावेत, अशी ही व्यवस्था आहे. सरकारी कचेरीत असे घडलेले मी पाहिलेले नाही.

मात्र या व्यवस्थेची एक अट आहे, आणि ती कडक आहे: वरच्या नळाच्या तोंडापर्यंत पाणी असलेच पाहिजे. सारे मिळून पाणी अकरा लिटरांच्या आसपास. त्यातले थोडे उडून पातळी त्या तोंडाखाली गेली की साखळी तुटते, अभिसरण थांबते, आणि झाकणावर बसविलेला उष्णतामापक, जो पाण्याचे नव्हे तर त्यावरील वाफेचे तापमान दाखवितो, तो बिचारा वाफ पोचेनाशी झाल्याने नेमका त्याच वेळी खाली उतरून चालकाची फसगत करतो.

माझी गाडी प्रत्येक चढावर उकळू लागली तेव्हा एका मेस्त्रींनी विनाविलंब पंप बसविण्याचा सल्ला दिला. हा सल्ला जुन्या गाडीच्या मालकास हमखास मिळतो, आणि माझ्या मते तो बहुधा चुकीचा असतो, कारण तो रोग झाकतो. दुसरा एक वृद्ध रेडिएटरवाला होता. त्याने काही न बोलता गाडी पाच मिनिटे चालविली आणि मग रेडिएटरच्या जाळीवरून, वैद्याने नाडी पाहावी तसा, सावकाश तळवा फिरविला. वर कढत, खाली कोमट, हे योग्य. पण मधोमध एक हातभर पट्टा चक्क गार होता, अर्थात तेथील नळ्यांतून पाणी जातच नव्हते. वरच्या टाकीचा डाग त्याने उकलला तेव्हा आत विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर आणि इंजिनाचा गंज असा चिखल निघाला, की घमेले अर्धे भरले.

नळ्यांखेरीज आणखी एक आरोपी आहे, आणि तो चालकाच्या हाताशीच असतो. सुकाणूचक्राखाली डावीकडे ठिणगीचा दांडा आहे. हँडल मारताना उलटा झटका बसून मनगट मोडू नये म्हणून तो वर करून ठिणगी उशिरा पडेल अशी करावी लागते. इंजिन चालू झाल्यावर तो खाली ओढण्यास विसरले, तर पिस्टन खाली निघून गेल्यावरही इंधन जळत राहते, आणि जी उष्णता गाडी ओढण्यास लागावयाची ती सिलिंडरांच्या भिंतींत व धुराच्या नळीत मुरते. त्यात पंख्याचा पट्टा सैल असला, आणि पहिल्या गियरचा पायडल दाबून मैलभर चढ चढावयाचा असला, म्हणजे बोलावयास नको.

तथापि, उकळणाऱ्या पाण्याची अवाजवी धास्तीही नको. हे इंजिन पाणी उकळीच्या जवळ असतानाच उत्तम चालते, आणि लांब चढणीवर थोडी वाफ निघणे यात निर्मात्यालाही गैर वाटत नसे. आजच्या गाड्यांप्रमाणे दाबाचे झाकण लावून उत्कलनबिंदू वाढविण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या रेडिएटरचे कथिलाचे सांधे तो दाब सोसत नाहीत. आणि तापलेल्या बीडात एकदम गार पाणी ओतू नये, ठोकळा तडकतो; अर्धा तास सावलीत बसावे, कापड धरून झाकण सैल करावे, मग पाणी घालावे. शक्य तर पावसाचे, कारण त्यात क्षार नसतात.

पंप मी अद्याप बसविलेला नाही. रेडिएटर मात्र दर दिवाळीनंतर उतरवून धुतो.