लहान मुलांचा मलावरोध : समजुती आणि वस्तुस्थिती

तान्ह्या मुलाच्या प्रकृतीचा अंदाज त्याच्या शीवरून बांधण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे, आणि तिच्यात शहाणपणही पुष्कळ आहे. परंतु नेमक्या याच बाबतीत काळजी आणि हयगय यांची अशी काही अदलाबदल झालेली आढळते, की जे मूल सर्वस्वी निरोगी आहे त्याच्यामागे सारे घर उपचार घेऊन लागते, आणि ज्याचा मलावरोध महिनोन्महिने मुरत चाललेला असतो त्याला मात्र ‘जरा हट्टी आहे, मोठे झाले की सुधारेल’ असे म्हणून सोडून दिले जाते.

‘शी रोज झालीच पाहिजे’ ही या समजुतींमधील सर्वांत दृढ समजूत. केवळ आईच्या दुधावर असलेले मूल पहिल्या महिन्यात दिवसातून चार-पाच वेळा, कधी प्रत्येक पाजण्यानंतरही, शी करते. आणि दीड महिन्याचे झाल्यावर तेच मूल चार दिवस, आठवडा, क्वचित दहा दिवसदेखील काही करीत नाही, कारण आईचे दूध जवळजवळ सगळेच अंगी लागते आणि बाहेर टाकण्याजोगे फारसे उरत नाही. असे मूल दूध नीट पीत असेल, त्याचे वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि जेव्हा केव्हा शी होईल तेव्हा ती मऊ किंवा पातळ असेल, तर त्यास मलावरोध म्हणता येत नाही. पहिल्या महिन्यातच शी विरळ झाली तर गोष्ट वेगळी. तेथे दूध पुरेसे पोटात जात नाही की काय, याची तपासणी करावी लागते. आणि जन्मानंतरची काळपट, चिकट पहिली शी ४८ तासांत झाली नाही, तर तो दाखला डॉक्टरांपुढे ठेवलाच पाहिजे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथील सभेपुढे ज्या विकाराचे वर्णन केले, आणि जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, त्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, तो भाग आकसलेला राहतो आणि त्याच्या वरचे आतडे फुगत जाते. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका मुलात हा विकार आढळतो. त्यावर इलाज शस्त्रक्रियेचाच.

काही अर्भके शी करण्यापूर्वी दहा-वीस मिनिटे लालबुंद होऊन कुंथतात, किंचाळतात, पाय पोटाशी घेतात, आणि मग होते ती अगदी मऊ शी. ही बद्धकोष्ठाची खूण नव्हे. पोटाने जोर करणे आणि त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडणे, या दोन क्रियांचा मेळ त्या जीवाला अजून साधलेला नसतो. काही आठवड्यांत तो आपोआप साधतो. पण तेवढा धीर धरणे घरातल्या कोणालाच जमत नाही, आणि मग विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारात घालण्याचा, किंवा साबणाची वडी बोटाएवढी तासून वापरण्याचा घरगुती उपाय पुढे येतो. शी होते, सारे सुटकेचा श्वास टाकतात, आणि म्हणूनच तो उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. तथापि साबणाने आतली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते, देठाने ओरखडा पडतो, आणि बाहेरून चेतवल्याखेरीज शी करू नये असा धडाच मुलाच्या शरीराला मिळत जातो.

पोटात देण्याच्या उपायांविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. सोने उगाळून मधातून चाटवण्याचा दस्तूर कितीही मायेचा असला, तरी एक वर्ष पुरे होण्याआधी मधाचे बोटही देऊ नये. मधात कधीकधी बोट्युलिनम जंतूंची बीजे असतात, ती अर्भकाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात आणि स्नायू लुळे पडू लागतात; या विकाराचे पहिले लक्षण बहुधा मलावरोधच असते. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी नको, घुटीही नको. एरंडेलाने मुरडा येतो, आणि नको म्हणून तोंड फिरवणाऱ्या मुलाच्या नाकतोंडात तेल ओतले तर ते फुप्फुसात उतरण्याचे भय असते.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. दीर्घकाळ मलावरोध असलेल्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिकांच्या शरीरात कोणताही मूळचा दोष सापडत नाही. त्यांच्या बाबतीत घडते ते असे. ताप, प्रवास, वरच्या अन्नाची सुरुवात, दुधाचा बदल, किंवा शी सांगण्याची सवय लावण्याची घाई, असे काहीतरी निमित्त होऊन एक दिवस शीचा खडा होतो. तो बाहेर पडताना दुखते, क्वचित त्वचेला चीर पडून रक्ताचा ठिपकाही दिसतो. आणि ज्या वयात कार्यकारणाची दुसरी कोणतीही उमज नसते त्या वयातले ते मूल एवढे मात्र पक्के उमजते, की हे पुन्हा होऊ द्यायचे नाही. पुढच्या वेळी वेग आला की ते आवळून धरते. आत राहिलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते, मळ अधिक कठीण आणि अधिक मोठा होतो, आणि अखेर जेव्हा तो बाहेर येतो तेव्हा आधीच्या भीतीला नवा पुरावा मिळतो.

हे आवळून धरणे घरातील माणसांच्या डोळ्यांदेखत चाललेले असते, आणि त्याचाच अर्थ हमखास उलटा लावला जातो. खेळता खेळता मूल एकाएकी गप्प होते, पडद्याआड किंवा दाराच्या फटीत जाऊन उभे राहते, दिवाणाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरते, चवड्यांवर उंच होते, मांड्या एकमेकींत रोवते. चेहरा लाल, कपाळावर घाम, डोळे कोठेतरी लागलेले. पाहणारा म्हणतो, ‘किती कुंथतंय बिचारं, पण होतच नाही!’ वास्तविक ते कुंथत नसून रोखीत असते. शी व्हावी म्हणून जो जोर करतो तो गुडघे वाकवतो. चवड्यांवर ताठ उभे राहून शी होत नाही, हे ध्यानात घेतले की सारा प्रकार उलगडतो. या मुलाला रागावणे, जबरदस्तीने धरून बसवणे किंवा रोज त्याच्या गुदद्वारात काही घालणे म्हणजे त्याचे भय खरे ठरवणे होय. माझ्या मते या विषयात पालकांना एकच गोष्ट सांगायला वेळ असेल, तर ती हीच सांगावी.

असा साठा महिनोन्महिने राहिला की गुदाशय ताणला जातो, त्याला भरल्याची जाणीवच बोथट होते; आणि खडकाच्या कडेने पाणी पाझरावे तसा वरचा पातळ मळ त्या घट्ट गोळ्याच्या बाजूने झिरपून चड्डीला लागतो. घरात याला कोणी ‘जुलाब’ म्हणतात आणि जुलाब थांबवण्याचे औषध देतात, ज्याने दुखणे दुप्पट होते. कोणी ‘आळस’ म्हणतात आणि चार वर्षांच्या मुलाला मार देतात. त्या मुलाला चड्डी खराब झाल्याचे कळलेलेही नसते. याबद्दलची शिक्षा हा सरळसरळ अन्याय आहे.

खाण्यापिण्यात सुधारणा जरूर करावी, पण तिच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. वर्षापुढचे मूल दिवसभर बाटलीने दूध पीत असेल आणि सोबतीला मैद्याची बिस्किटे असतील, तर दूध अर्ध्या लिटरच्या आत आणल्याने खरोखर फरक पडतो, कारण मग भाकरी, वरण, भाजी, पेरू, पपई यांना पोटात जागा होते. काही थोड्या मुलांत गाईच्या दुधातील प्रथिनच मलावरोधाचे कारण असते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध बंद ठेवून पाहता येते. परंतु एकदा गोळा साचल्यावर नुसता चोथा वाढवून किंवा तांब्याभर पाणी पाजून तो निघत नाही.

येथे औषध लागते, आणि येथेच सर्वांत नुकसानकारक समजूत आडवी येते : ‘औषधाची सवय लागेल.’ लॅक्टुलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही जी दोन औषधे आज प्रामुख्याने देतात, ती आतड्याला चाबूक मारीत नाहीत. ती मळात पाणी धरून ठेवतात, एवढेच. पॉलिएथिलीन ग्लायकॉल तर रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार साचलेला गोळा काढण्यासाठी या औषधाची मात्रा दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस, त्यानंतर ०.४ ग्रॅमपासून सुरुवात करून शी मऊ राहील इतकी, आणि तीही किमान दोन महिने. मात्रा अर्थात डॉक्टरांनीच ठरवायची. मुदत इतकी लांब का, याचा खुलासा वरच्या हकिगतीत आहे : ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत होण्यास वेळ लागतो, आणि दुखणे विसरण्यास मुलाला त्याहून अधिक.

औषध चालू असताना जेवणानंतर पाच मिनिटे मुलाला बसवावे, कारण पोटात अन्न गेले की मोठे आतडे हलू लागते. आपल्याकडच्या आया पाय लांब करून बसतात आणि आपल्या पावलांवर मुलाला उकिडवे बसवतात, ती बैठक शरीरशास्त्राच्या दृष्टीने उत्तम आहे. कमोडवर पाय लोंबकळत बसलेल्या मुलाला जोरच करता येत नाही, म्हणून तेथे पायांखाली पाट द्यावा. मूल अजून तयार नसेल, तर लंगोट सोडवण्याची घाई काही महिने तहकूब ठेवावी.

हिरवी उलटी, फुगलेले ताठ पोट, ताप, न वाढणारे वजन, माकडहाडाजवळ केसांचा झुपका किंवा खळगा, पायांची अशक्तता, अथवा पहिल्या महिन्यापासूनचा मलावरोध : यांपैकी काहीही असल्यास घरगुती मसलतीत दिवस घालवू नयेत. यांतील काही नसेल, तर क्ष-किरण आणि रक्ततपासण्यांची बहुधा गरज पडत नाही. सारी लक्षणे जाऊन निदान एक महिना लोटल्यावर औषध हळूहळू कमी करावे; कमी करताना पुन्हा खडा होऊ लागला, तर पूर्वीच्या मात्रेवर परत यावे. असे दोन-तीनदा झाले तरी उपचार फसला असे मानण्याचे कारण नाही : तज्ज्ञांच्या देखरेखीखालील मुलांपैकी सुमारे निम्मी सहा महिने ते वर्षभरात औषधावाचून बरी होतात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तेच औषध आणखी काही काळ घ्यावे लागते.